तुमचं जातं कुठं हाय?

मी उमेदीच्या वर्षांत जो माल विकला तो गिऱ्हाइकाला कधी हातात घेऊन बघता आला नाही. कापडवाला कापड उलगडून दाखवतो, कांदेवाला कांदा फोडून दाखवतो. मी मात्र कारखाने विकायचो, आणि तेही बांधायच्या आधी. माझ्या सायकलच्या हँडलला एक कातडी पिशवी असायची. तिच्यात अर्जांचे कोरे फॉर्म, शाईची दौत, टाक आणि कंपनीचं माहितीपत्रक. माहितीपत्रकावर कारखान्याचं चित्र होतं, चित्राला उंच धुराडं होतं आणि धुराड्यातून झकास काळा धूर निघत होता. प्रत्यक्षात त्या जागेवर बाभळी होत्या आणि एक म्हैस बांधलेली असे. कारखान्याआधी धूर काढणारे आमच्याइतके पुढारलेले लोक दुसरे नसतील.

ही गोष्ट आमच्या घरात दर दिवाळीला फराळाच्या ताटाभोवती सांगितली जाते. मी सुरू करतो आणि आमची सौ. मधे मधे दुरुस्त्या करते. दर वर्षी माझी चूक जरा मोठी होते आणि तिचा शहाणपणा जरा वाढतो. या खेपेला मी ती एकट्यानं लिहून काढतो आहे, निदान एकदा तरी सलग सांगता यावी म्हणून.

काळ स्वातंत्र्यानंतरच्या आठ-दहा वर्षांचा. पिंपरी-चिंचवडच्या माळावर नुकती कुठे मोजणीचे पांढरे दगड पडू लागले होते. सरकारी औषधांचा कारखाना उभा राहिला होता, त्यामुळे आणखी दहा येणार असं जो तो म्हणत होता. येणार खरे, पण सिमेंटला परमिट, लोखंडाला परमिट, आणि बाहेरून यंत्र आणायचं तर सरकारजवळ परकीय चलन आहे की नाही इथपासून सुरुवात. एका दिवशी वर्तमानपत्र वाचलं की वाटायचं, आपण पुढच्या वर्षी विलायतेला मागे टाकणार. दुसऱ्या दिवशीचं वाचलं की रॉकेल भरून ठेवावंसं वाटायचं.

अशा दिवसांत मी एका स्क्रूच्या कारखान्याचे भाग विकत होतो. कंपनीचं नाव सांगत नाही. मालकांचे चिरंजीव अजून मला चहा पाजतात. भाग विकणं म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. कारखाना काढायला एकट्याजवळ पैसा नसतो, म्हणून तो शेकडो लोकांकडून थोडा थोडा घेतात. ज्यानं घेतला भाग तो तेवढ्यापुरता मालक. कारखाना चालला तर नफ्यात वाटा, बुडाला तर त्याच्याकडे एक सुंदर छापलेला कागद उरतो. मला विकलेल्या प्रत्येक भागामागे थोडं कमिशन. म्हणजे कारखाना चालो न चालो, माझं चालणार. या शेवटच्या वाक्यावर मी त्या वेळी फारसा विचार करत नसे.

लोक एकच विचारायचे, "एवढं स्क्रू लागत्यात कुनाला?"

मी म्हणायचो, "काका, उद्या या माळावर जे जे उभं राहील ते स्क्रूवरच उभं राहील." हे वाक्य मला फार आवडायचं. सौ.ला मी ते इतक्यांदा ऐकवलं की ती कणीक तिंबताना माझ्या आधी म्हणून मोकळी व्हायची.

गिऱ्हाइकं एकेक भारी होती. चिंचवडातल्या एका निवृत्त गुरुजींनी अवघा एक भाग घेतला आणि प्रमाणपत्र चौकटीत घालून देवघरात लावलं. गंधाचं बोट त्यालाही. चाकणचे नानाशेठ कांद्याचे मोठे अडते. कांद्याची रास पुढ्यात आली की वरच्या कांद्याकडे बघायचेच नाहीत. बाही सरसावून कोपरापर्यंत हात आत घालायचे आणि तळातला कांदा काढून त्यावर भाव करायचे. हे नानाशेठ माझ्या माहितीपत्रकावरचं धुराडं बघून म्हणाले, "धूर बरा दिसतो राव," आणि एका झटक्यात पन्नास जणांइतके भाग घेऊन बसले. कांद्यात तळ बघणारा माणूस कागदाचा तळ बघत नाही, हे मी त्या दिवशी शिकलो, आणि खरं सांगायचं तर त्याचा फायदाही उठवला.

भूमिपूजनाच्या दिवशी तर आमची चंगळ. मांडव, तोरणं, पुण्याहून आलेले पाहुणे. भाषणात देशाचं भवितव्य इतक्यांदा आलं की ते मांडवातच कुठेतरी बसलंय असं वाटावं. टाळ्यांवर टाळ्या. मी खांबाला टेकून फॉर्म भरून घेत होतो आणि शाई पुरेना. तेवढ्यात बायकांच्या बाजूला, अगदी मागं, टाळ्या न वाजवणारी एक बाई दिसली. चाळिशी-पंचेचाळिशीची, हिरवं लुगडं, हात मांडीवर ठेवलेले. मी मोठ्या उत्साहानं गेलो.

"मावशी, भाषण आवडलं नाही वाटतं?"

"भाषान चांगलं हाय. मला योक सांगा येजंटसायब, ह्या टाळ्या वाजिवणाऱ्यांतल्या किती जनांनी पैसं घातलं?"

मी मांडवावर नजर फिरवली. हजारभर माणूस होतं. फॉर्म भरले होते एकतीस.

"बरेच जण घालताहेत," मी म्हणालो.

"व्हय का," ती म्हणाली, आणि एकतीस ओळखल्यासारखी माझ्या पिशवीकडे बघत राहिली.

ह्याच सगुणाबाई. थेरगावच्या, नवरा गेलेला, दोन मुली पदरात. पवना नदीच्या अलीकडे त्यांची जमीन होती, ती सरकारनं कारखान्यांसाठी घेतली आणि मोबदला हातात दिला. त्यांच्या सगळ्या घराचा भार आता त्या पैशावर होता. मी कळत न कळत त्यांच्या मागे लागलो, कारण एवढं मोठं गिऱ्हाईक थेरगावात दुसरं नव्हतं.

त्यांनी मला एकदाच स्पष्ट सांगितलं. "ही माझी जमीनच हाय, निस्ती कागदाची झालीया. जमिनीत योक साल न्हाई पिकलं तर दुसऱ्या साली पेरता येतंय. ही योकदा पेरली आन् न्हाई उगावली, तर पुन्हा पेराया काय बी न्हाई. तवा मी आदी मोजनार."

"काय मोजणार?"

"जाती. दळायची."

कारखान्याच्या बाजूला कंपनीनं कामगारांसाठी चोवीस खोल्यांची चाळ बांधली होती. माणूस साताऱ्याकडून, नगरकडून, मराठवाड्यातून येत होता. भिंती चढत होत्या, शेड उभी राहत होती. सगुणाबाई दर पंधरा दिवसांनी नदी ओलांडून यायच्या, चाळीतून एक फेरी मारायच्या, बायकांशी दोन शब्द बोलायच्या आणि परत जायच्या. कारखान्याच्या शेडकडे ढुंकूनही बघायच्या नाहीत. त्यांचा हिशेब मला त्यांनी चाळीच्या पायरीवर बसून समजावला.

"गडी वळकटी घिऊन आला, म्हंजी त्यो बघाया आला. उद्या वळकटी काखंत मारून जाईल. पन बाई जातं घिऊन आली म्हंजी ऱ्हायाला आली. जातं उचलाया दोन मानसं लागत्यात, गाडी लागती. टाळीला काय, हात रिकामंच आसत्यात."

पहिल्या फेरीला चाळीत चार जाती होती. दीड महिन्यानं नऊ. सगुणाबाई म्हणाल्या, "बरं चाललंय. बघू."

मला 'बघू' परवडत नव्हतं. भागविक्रीची मुदत संपत आली होती आणि कंपनीचे सेक्रेटरी मला रोज आकडा विचारत होते. आता माझ्या हातून जे झालं ते माझ्या धंद्याला शोभणारं नसलं तरी माझ्या अकलेला शोभणारं होतं. चाकणच्या बाजारात जाती घडवून विकणारा एक पाथरवट बसायचा. त्याच्याकडे गेलो आणि पाच जाती चार दिवसांसाठी भाड्यानं मागितली.

तो छिन्नी खाली ठेवून माझ्याकडे बघतच राहिला. "जातं भाड्यानं? आन् पीठ पन भाड्यानंच न्याल काय?"

जाती बैलगाडीतून आणली. पाच रिकाम्या खोल्यांत एकेक मांडलं, वर हळदीकुंकू वाहिलं, कोपऱ्यात उधारीच्या घागरी ठेवल्या. साताऱ्याकडच्या गणपत शिंद्याची बायको यमुना दारात उभी राहून सगळं बघत होती. ती एवढंच म्हणाली, "दादा, दुसऱ्याच्या संसाराची एवढी हौस?"

सगुणाबाई आल्या. एक, दोन करत चाळ मोजत गेल्या. दहाव्या जात्यापाशी थांबल्या, खाली बसल्या आणि दोन दगडांच्या मधल्या फटीत बोट घालून फिरवलं. बोट वर धरून उजेडात बघितलं. दगडाची कच होती, पिठाचा कणही नव्हता. मग वरच्या दगडाला हात लावला. गोल फिरवायला लाकडी खुंटा असतो, त्याचं भोक रिकामं होतं. मी पाच जाती आणली होती. एकालाही खुंटा आणला नव्हता.

"हे उपाशी हाय," त्या म्हणाल्या. पुढच्या खोलीत गेल्या. "हे पन उपाशी." अशी पाचही झाली. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. पदर सावरून त्या म्हणाल्या, "आता मला समदीच पुन्हा मोजाया लागतील. तुमी सांगितलेलं समदं पन."

आणि दारातून वळून विचारलं, "येजंटसायब, तुमचं जातं कुठं हाय?"

मी म्हणालो, "पुण्यात. पेठेत बिऱ्हाड आहे."

"रोज सायकलवर जाताय-येताय?"

"हो."

"का बरं?"

मी लोकांना सांगत होतो, पाच वर्षांत इथं शहर उभं राहील, शाळा येतील, दवाखाने येतील. आणि घरी सौ.ला सांगत होतो, तिकडे विहीर लांब आहे, साप निघतात, शाळेचा पत्ता नाही, आणखी दोन-तीन वर्षं थांबू, कारखाना उभा राहू दे. दहा मैल सायकल मारून मी दुसऱ्यांना मुक्काम करायला सांगायला यायचो आणि दहा मैल मारून स्वतः परत जायचो.

त्या रात्रीचं जेवण माझ्या लक्षात आहे, कारण झाला प्रकार सौ.ला सांगितल्यावर ती इतकी हसली की आमटी सांडली. मग एकदम थांबून म्हणाली, "अहो, पण बाई बरोबर बोलली. तुमचाच विश्वास नाही. मग लोकांना कशाला गळ घालता?"

"विश्वास आहे गं, पण जरा जपून."

"मग तीही जपूनच आहे. तुम्ही तिला भित्री म्हणता आणि स्वतःला हुशार."

मुदत संपली. सगुणाबाईंनी एकही भाग घेतला नाही. पहिली विक्री अर्धीमुर्धीच झाली. उरलेले भाग कंपनी पुढेही विकत राहिली. चाळ मात्र माझ्या मदतीशिवाय भरत गेली आणि जात्यांची संख्या एकोणिसावर पोचली. आणि नेमकं तेव्हाच सगळं अडलं.

स्क्रू पाडणारं मुख्य यंत्र विलायतेतून निघालं होतं, ते मुंबईच्या गोदीत येऊन पडलं. परकीय चलनाची ओढाताण सुरू झाली होती, कुठलातरी कागद कमी पडला, आणि यंत्र गोदीबाहेर येईना. एक महिना गेला, दुसरा गेला. शेड तयार, छप्पर तयार, आत चिमण्या. कामगारांना अर्ध्या पगारावर ठेवलं. ज्या मांडवात भवितव्य बसलं होतं तिथे आता अफवा बसली. कंपनी बुडाली, मालक पळाले, यंत्र समुद्रात टाकलं. जो जे ऐकेल ते खरं. मालक बिचारे पळाले नव्हते. ते रोज मुंबईला जाऊन साहेबांच्या दारात उभे राहत होते.

चाकणचे नानाशेठ घामाघूम होऊन माझ्याकडे आले. "राव, माझे भाग विका. अर्ध्यानं विका, पावानं विका, पण विका!"

"घेणार कोण, शेठ?"

"धूर तर काय झकास काढला होता तुम्ही!" ते ओरडले. मी त्यांना पाणी दिलं. भाग काही विकले गेले नाहीत. पुढे काही वर्षांनी शेठना त्याच भागांवर चांगला नफा मिळू लागला, तेव्हा 'मी घाबरलो नाही, धरून ठेवले' असं ते चारचौघांत सांगायचे. घाबरले होते, घेणारा मिळाला नाही म्हणून श्रीमंत झाले. अशी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत.

मी स्वतः घाबरलो होतो. गुरुजींच्या देवघरातला तो कागद डोळ्यांसमोर यायचा. गुरुजी अजून गंध लावत होते, आणि तेच मला बोचत होतं. एका सकाळी सायकल कारखान्याकडे न नेता चाळीकडे नेली आणि आयुष्यात पहिल्यांदा मी सरळ मनानं जाती मोजायला निघालो.

एकोणिसातली दोन गेली होती. सतरा होती. प्रत्येकात बोट घातलं, प्रत्येकाला पीठ लागलं. बाजरीचं, ज्वारीचं. यमुना दळत होती.

"वहिनी, अर्धा पगार, यंत्राचा पत्ता नाही. तुम्ही गावी का नाही जात?"

तिनं हात थांबवला नाही. "गावाकडं दळाया दाना कुठं हाय? हितं निदान जातं फिरतंय. आन् पोरीला चिंचवडच्या साळंत घातलीया, ती 'क' काढाया लागली. आता दगड उचलून मागारी कुठं न्यायचा?"

त्यात भाषणातली आशा नव्हती. तरीपण माझ्या माहितीपत्रकातल्या सगळ्या ओळींपेक्षा मला त्या बोलण्याचा आधार वाटला. या बाईनं आपली सगळी शिल्लक इथे गुंतवली होती आणि तिच्या गुंतवणुकीवर कुणाला कमिशन मिळत नव्हतं.

संध्याकाळी घरी जाऊन मी सौ.ला म्हटलं, "जातं उचलायचं?"

ती म्हणाली, "कारखाना उभा राहिला?"

"नाही."

"यंत्र आलं?"

"नाही."

"मग?"

"मग काही नाही. सतरा आहेत. अठरावं आपलं."

तिनं माझ्याकडे नीट बघितलं. मग फळीवरचे डबे उतरवायला लागली. ती ह्या जागी नेहमी सांगते की तिनं आदल्या आठवड्यातच भांडी बांधून ठेवली होती. मला हे आजवर कुणी सिद्ध करून दाखवलेलं नाही.

तिच्या माहेरचं ते जातं. दोघांनी मिळून एकेक दगड गाडीत चढवला तेव्हा माझ्या कमरेनं मला भागविक्रीचं उरलेलं शिक्षण दिलं. दापोडीचा पूल ओलांडताना गाडीवाला म्हणाला, "लोकं तिकडनं पुण्याला चाललीत, तुमी उलटं कुठं?" सौ. गाडीतून म्हणाली, "ह्यांना सगळं उशिरा सुचतं."

चाळीतल्या शेवटच्या खोलीत आम्ही बिऱ्हाड थाटलं. तिसऱ्या दिवशी सकाळी, उन्हं दारात आली होती, सौ. ज्वारी दळत होती आणि मी समोर बसून खुंटा घट्ट बसलाय ना हे उगाच पुन्हा पुन्हा बघत होतो. दारात हिरवं लुगडं उभं राहिलं. सगुणाबाई आत आल्या, सौ.समोर बसल्या, फटीत बोट घातलं आणि पीठ जिभेला लावून बघितलं.

"जाड दळताय बाई," त्या सौ.ला म्हणाल्या.

"टाकी लावायची राहिलीय," सौ. म्हणाली. दगड गुळगुळीत झाला की त्याला छिन्नीनं पुन्हा खरबरीत करतात, त्याला टाकी लावणं म्हणतात.

"लावून देते मी." मग माझ्याकडे वळल्या. "अठरा झाली." आणि कमरेची पिशवी सोडून त्यांनी ती जात्याशेजारी जमिनीवर ठेवली. "ही निम्मी जमीन हाय. लिवा तुमचा कागूद."

मी ज्या क्षणाची दीड वर्ष वाट पाहत होतो तो आला, आणि माझ्या तोंडून भलतंच निघालं. "मावशी, यंत्र अजून गोदीतच आहे. ते सुटेल का, कधी सुटेल, मला माहीत नाही. तुम्ही थांबा. मी सांगतो म्हणून घालू नका."

सौ.चा हात थांबला. सगुणाबाई हसल्या. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच बघितलं.

"तुमी सांगताय म्हून न्हाईच घालत. सतरा बायांनी सांगितलं म्हून घालते. आन् तुमी आज पयल्यांदा 'माहीत न्हाई' म्हनालात, त्ये बी मोजलं."

मी फॉर्म भरला. दौतीत शाई वाळली होती, सौ.नं पाणी घातलं. आमच्या घरातली ती पहिली आणि शेवटची भागविक्री.

"आणि उरलेली निम्मी?" मी विचारलं.

"येजंटाला समदं सांगायचं नसतं."

यंत्र त्यानंतर अडीच महिन्यांनी सुटलं. मालगाडीतून उतरवलं तेव्हा अख्खी चाळ बघायला गेली होती. पहिला स्क्रू पडला तो इतका वाकडा होता की मालकांनी तो हसत हसत मला बक्षीस दिला, अजून आहे. उरलेल्या निम्म्याचं कोडं पुढच्या वर्षी उलगडलं. चाळीच्या तोंडाशी सगुणाबाईंनी पिठाची गिरणी टाकली. किती घरांत जातं आहे, कुणाकडे किती दळण होतं, हे त्यांच्याइतकं त्या भागात कुणाला ठाऊक होतं? उद्घाटनाला भाषण झालं नाही. पहिला डबा यमुनेचा, दुसरा सौ.चा. त्या संध्याकाळी सौ. म्हणाली, "सुटला एकदाचा माझा खांदा. बाई माझ्या दळणावर सुद्धा डोळा ठेवून होती म्हणायची!" सगुणाबाईंच्या मुली दोघी शिकल्या, धाकटी आमच्या शाळेत मास्तरीण झाली. होय, शाळा आली. विहीर मात्र अजून लांबच आहे. आता नळ आहे आणि त्याला पाणी नसतं.

या माळावर आता इतके भोंगे होतात की कुठला कुणाचा ते कळत नाही. मी धंदा कधीच सोडला. जातं मागच्या अंगणात आहे, त्यावर सौ. मसाल्याच्या मिरच्या वाळत घालते. गेल्या महिन्यात एक तरतरीत एजंट दारात आला. नव्या कंपनीचं माहितीपत्रक, गुळगुळीत कागद, त्यावर कारखान्याचं रंगीत चित्र. "काका, पाच वर्षांत चाकणपर्यंत शहर जाणार बघा," तो म्हणाला. बोलला फार छान. माझ्यापेक्षा छान.

मी चित्र नीट बघितलं. धूर होता.

"बाळ, बिऱ्हाड कुठं तुझं?"

"पुण्यात, काका."

मी सौ.ला हाक मारली, "अगं, चहा टाक. पाहुणे लांबून आलेत."